कॅम्परमधल्या फर्नेसचा पंखा फिरतो, पण ऊब येत नाही. फर्नेसच बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की मिशिगनमध्ये १६ फुटी जुना कॅम्पर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतलाय, थर्मोस्टॅट वर केला की फर्नेसचा पंखा लागतो, पण हवा गारच येत राहते आणि दुरुस्तीवाल्याने न उघडताच 'नवीन बसवा' म्हणून सांगितलं.

लगेच बदलू नका. आधी सिलिंडर उघडा, थर्मोस्टॅट वर करा आणि फर्नेसच्या जाळीपाशी जमिनीवर बसून कान द्या. ही प्रोपेनची फर्नेस ठरलेल्या क्रमानेच सुरू होते आणि कुठे अडली ते आवाजावरून कळतं. पहिले पंधरा-वीस सेकंद पंखा नुसताच फिरतो. आत साचलेला गॅस बाहेर घालवायला ते लागतंच. मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडल्याची एक 'टक', पाठोपाठ ठिणगीची टिकटिक आणि मग भप्प करून ज्योत. यातलं नेमकं काय ऐकू येत नाही, ते टिपून ठेवा.

टिकटिक मुळीच ऐकू येत नसेल, तर बहुतेक वेळा गॅसचा काही संबंध नसतो. पंख्यासमोर एक पातळ पट्टी असते, तिला सेल स्विच म्हणतात. वाऱ्याने ती ढकलली गेली तरच बोर्डाला, म्हणजे फर्नेस चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीला, 'पंखा नीट चालतोय, आता पेटव' असा निरोप जातो. पंखा जरा मंद फिरला तरी पट्टी अर्ध्यातच राहते. कुत्र्याचे केस, धूळ, आत हवा घेणाऱ्या जाळीसमोर ठेवलेली पिशवी, दबलेला डक्ट (गरम हवा नेणारी नळी), यातलं काहीही पुरतं. पण सगळ्यात जास्त वेळा दोष असतो तो कमी व्होल्टेजचा.

मी कोलोरॅडोत राहते. आमचा कॅम्पर घरासमोर उभा असला की फर्नेस उत्तम चालायची, आणि रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधल्या मोरेन पार्क कॅम्पग्राउंडवर गेलं की पहाटे तीनला गार पडायची. ही जागा ८,००० फुटांहून उंचावर आहे, तिथे आमच्या जागेवर विजेचं कनेक्शन नव्हतं, सगळा भार बॅटरीवर. सप्टेंबरात दोन मुलांना चार-चार कपडे चढवून झोपवलं होतं. परत आल्यावर एका दुकानात बोर्ड बदलून घेतला, पैसे दिले, आणि पुढच्या सहलीत पुन्हा तेच. शेवटी मीच मल्टिमीटर घेऊन बसले. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. पण पंखा चालू असताना फर्नेसच्याच तारांवर लावून पाहिलं तर १०.४! मधे दोन व्होल्ट कुठेतरी गळत होते. कॅम्परच्या खाली चासीला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, जोडलेली अर्थची तार हिरवी पडून गंजली होती. ती घासून नवीन टोक लावलं आणि फर्नेस पहिल्या झटक्यात पेटली. घरासमोर असताना चार्जर जोडलेला असायचा, त्यामुळे व्होल्टेज वर राहायचं आणि दोष झाकला जायचा. म्हणून माझी कळकळीची विनंती: बॅटरी बंद पंख्यावर मोजू नका, फर्नेसपाशी आणि पंखा फिरत असताना मोजा.

टिकटिक येते पण ज्योत नाही, असं असेल तर आधी शेगडी पेटवून बघा. शेगडी निळी, जोमदार जळली तर गॅस येतोय. कॅम्पर महिनोन्महिने उभा असेल तर नळीत हवा भरलेली असते, दोन-तीन वेळा थर्मोस्टॅट बंद-चालू करावा लागतो. सिलिंडरचा व्हॉल्व्ह मात्र सावकाश उघडा. झटक्यात उघडला तर आतली सुरक्षेची झडप 'नळी फुटली' असं समजून गॅस जवळजवळ अडवून टाकते. शेगडीसुद्धा मिणमिणत असेल तर रेग्युलेटर तपासून घ्या. दाब पाण्याच्या ११ इंचांइतका हवा आणि तो मॅनोमीटरनेच (दाब मोजायच्या उपकरणाने) कळतो. थंडीत गॅसच गोठला असेल ही शंका सोडून द्या. आपल्याकडच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ब्युटेनही असतो आणि तो शून्याच्या आसपास वाफ व्हायचा थांबतो. निखळ प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होत राहतो.

तिसरा प्रकार म्हणजे भप्प होतं आणि काही सेकंदांत विझतं. बोर्डाला ज्योत 'दिसत' नाही. इलेक्ट्रोड (ठिणगी देणारी कांडी) काजळलेला किंवा जागेवरून हललेला असतो, नाहीतर बाहेरचा धुराडा तुंबलेला. गावाकडे भिंतीवर मातीचं घर करणारी कुंभारीण आठवते ना? तिच्याच जातीच्या माश्या इथे उन्हाळ्यात फर्नेसच्या नळीत घरं बांधतात. बाहेरची जाळी काढून टॉर्च मारा.

एक मात्र करू नका. सेल स्विचच्या दोन तारा एकत्र जोडून फर्नेस चालवून दाखवणारे लोक भेटतील. तो स्विच तुमच्या जिवासाठी आहे, त्याला वळसा घालून एक रात्रही झोपू नका.

आता बदलायची कधी? आतला लोखंडी कक्ष, ज्यात ज्योत जळते, तो तडकला किंवा गंजून भोक पडलं तर. अशा फर्नेसमध्ये जळणाची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो, आपली खोलीतली हवा फक्त त्या कक्षाच्या अंगावरून फिरून तापते. मधली भिंत फुटली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू थेट अंथरुणाशी. वास नाही, रंग नाही. धुराड्याभोवती काळी काजळी, सकाळी सगळ्यांचं डोकं दुखणं, डिटेक्टर वाजणं, यातलं एक जरी दिसलं तरी बंद करा आणि वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका. आमचीही पुढे चार वर्षांनी याच कारणाने बदलली आणि तेव्हा मी एका दिवसाचाही विचार केला नाही.

नवीन घेताना लाकडातल्या खाचेचं माप, बाहेरच्या धुराड्याची जागा आणि गॅसची नळी कोणत्या बाजूने येते, हे तिन्ही जुन्याशी जुळायला हवं. म्हणून त्याच कंपनीचा त्याच मापाचा नमुना सोपा पडतो. मोठी घेतली तर जास्त ऊब मिळेल हा भ्रम आहे. डक्ट कमी असले तर ती स्वतःच तापून सारखी बंद पडते. १६ फुटांना १६,००० बीटीयू (तासाला मिळणाऱ्या उष्णतेचं माप) भरपूर झाले. २० पौंडांच्या सिलिंडरमध्ये साधारण ४ लाख ३० हजार बीटीयू असतात, म्हणजे अखंड चालवली तर २७ तास. निम्मा वेळ चालली तर दोन दिवसांहून थोडं जास्त.

काढताना सिलिंडर बंद, बॅटरीची तार सोडवलेली आणि प्रत्येक तारेचा फोटो. गॅसचा जोड दोन पान्यांनी सोडवा, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं, नाहीतर तांब्याची नळी पिळली जाते. फ्लेअरच्या जोडाला, म्हणजे नळीचं टोक फुलवून केलेल्या जोडाला, टेप लावायची नसते. ती तिथे लावली तर उलट गळतं. निमुळत्या आट्यांना मात्र गॅससाठीचंच सीलंट. मग साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर, बुडबुडा दिसला की थांबायचं. एवढं स्वतः केलंत तरी शेवटची दाबाची चाचणी परवानाधारक गॅसवाल्याकडून करून घ्या. मी करून घेतली होती.

आणि आज रात्रीच मोनॉक्साइड डिटेक्टर पालथा करून मागची तारीख वाचा. जुन्या कॅम्परमध्ये तो कित्येकदा मुदत उलटलेलाच असतो. प्रोपेनचा डिटेक्टर वेगळा आणि जमिनीलगत हवा, कारण हा गॅस हवेच्या दीडपट जड, खालीच साचतो. तोवर थंडी वाजली म्हणून शेगडी पेटवून झोपू नका, अंगावर रजई वाढवा.

टिकटिक ऐकू आली का, आणि पंखा चालू असताना फर्नेसच्या तारांवर किती व्होल्ट दिसले, एवढं इथे लिहा. तारांच्या जोडणीचा फोटोही टाकलात तर पुढचं मी सांगते.