टायटॅनिकची हाक जवळच्या जहाजाला का ऐकू आली नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: टायटॅनिक बुडत असताना वायरलेसवरून सतत मदत मागितली जात होती, तर काही मैलांवर उभ्या असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाला ती ऐकू कशी आली नाही? आणि आली असती, तर सगळे वाचले असते का?

पहिल्या भागाचं उत्तर थोडक्यात देता येतं. कॅलिफोर्नियनवर एकच वायरलेस ऑपरेटर होता, तो झोपला होता, आणि त्याने झोपू नये असा कुठलाही नियम नव्हता. मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. खलाशी आम्हाला ‘मार्कोनी साहेब’ म्हणायचे. आमच्या कामाची बरीचशी शिस्त त्या एका रात्रीतून आलेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९१२ साली जहाजावरचा वायरलेस हा मुख्यतः धंदा होता. टायटॅनिकवरचे जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड हे दोघे मार्कोनी कंपनीची माणसं. एक पंचवीस वर्षांचा, दुसरा बावीसचा. प्रवाशांच्या खासगी तारा पाठवायच्या, पहिल्या दहा शब्दांना साडेबारा शिलिंग घ्यायचे, हे त्यांचं रोजचं काम. इतर जहाजांकडून बर्फाचे इशारे यायचे, तेही ते ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या जागी, पोचवत. मात्र कुठला संदेश तारांचा ढीग बाजूला सारून आधी पोचलाच पाहिजे, याची पक्की पद्धत बसलेली नव्हती. रविवारी, १४ एप्रिलच्या रात्री ९.४० च्या सुमारास मेसाबा जहाजाने पाठवलेला इशारा तर टायटॅनिक ज्या भागात शिरत होतं नेमका त्याच भागाबद्दल होता. तो ब्रिजपर्यंत गेला नाही.

याचा सगळा दोष फिलिप्सवर टाकणारे लेख मी खूप वाचलेत, आणि दर वेळी मला राग येतो. शुक्रवारी रात्री टायटॅनिकचं यंत्र बंद पडलं होतं. कंपनीचा नियम असा की समुद्रात स्वतः दुरुस्ती करायची नाही. या दोघांनी रात्र जागून ते दुरुस्त केलं. केलं नसतं तर रविवारी रात्री हाक मारायला काही उरलंच नसतं. त्या बिघाडामुळे तारा तुंबल्या होत्या आणि रविवारी रात्री फिलिप्स त्या न्यूफाउंडलंडच्या केप रेस स्टेशनला पाठवत बसला होता.

अकराच्या सुमारास कॅलिफोर्नियनचा ऑपरेटर सिरिल इव्हान्स मध्येच बोलला: आम्ही थांबलोय, चहूबाजूंनी बर्फ आहे. फिलिप्सने उत्तर दिलं, गप्प बस, मी कामात आहे, केप रेसशी बोलतोय. आज हे उर्मट वाटतं. पण तेव्हाची यंत्रं ठिणगीची होती. ठिणगीतून निघणारी लहर पसरट असायची, त्यामुळे जवळचं स्टेशन बोलू लागलं की बाकी सगळं बुडून जायचं. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना परगावाहून आलेला फोन ऐकण्यासारखा तो प्रकार. फिलिप्स शेकडो मैलांवरचा क्षीण आवाज कान देऊन ऐकत होता आणि इव्हान्स त्याच्या कानातच ओरडला. शिवाय इव्हान्सच्या संदेशाला ‘कॅप्टनकडे द्यावा’ असं सांगणारी ठरलेली खूण नव्हती. ऑपरेटर एकमेकांशी असंच बोलत. इव्हान्सनेही चौकशीत सांगितलं की त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तो अजून थोडा वेळ ऐकत राहिला, साडेअकराच्या सुमारास हेडफोन काढले आणि झोपला. ११.४० ला टायटॅनिक हिमनगावर आदळलं.

फिलिप्सने सव्वाबाराच्या सुमारास पहिली सीक्यूडी दिली. मार्कोनीच्या ऑपरेटरांमध्ये तेव्हा संकटाची तीच खूण रुळलेली होती. एसओएस १९०८ पासून लागू होतं, पण त्यांच्या हातात बसलेलं नव्हतं. ब्राइडने सुचवल्यावर फिलिप्स दोन्ही आलटून पालटून पाठवू लागला. हाक पोचली नाही असं मुळीच नाही. फ्रँकफर्ट आणि माउंट टेंपल ही जहाजं, केप रेस स्टेशन, सुमारे ५०० मैलांवरचं ऑलिंपिक जहाज, सगळ्यांनी ऐकली. सगळे लांब होते.

मदतीला धावलेल्या कार्पेथिया जहाजावरही एकच ऑपरेटर होता, एकवीस वर्षांचा हॅरल्ड कॉटम. तोही झोपायच्याच तयारीत होता. कोट काढलेला, पण एका जहाजाच्या उत्तराची वाट बघत हेडफोन कानावर ठेवलेले. ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं की अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या केप कॉड स्टेशनहून टायटॅनिकसाठी बऱ्याच तारा येतायत. त्या कळवाव्यात म्हणून त्याने आपणहून टायटॅनिकला हाक दिली. उत्तर आलं: ताबडतोब ये, आम्ही हिमनगावर आदळलोय, ही सीक्यूडी आहे, दोस्ता. कॉटम धावत ब्रिजवर गेला. कॅप्टन आर्थर रॉस्ट्रनने लगेच जहाज वळवलं, प्रवाशांच्या खोल्या गरम ठेवणारी वाफसुद्धा तोडून इंजिनांकडे दिली, आणि ५८ मैलांचा हिशेब धरून बर्फातून पूर्ण वेगाने निघाला. पहाटे चारच्या सुमारास तो पोचला. सातशेच्या वर माणसं त्याच्यामुळे वाचली.

म्हणजे हे सातशे जीव कॉटमने हेडफोन आणखी दहा मिनिटं काढले नाहीत, यावर टिकून होते.

आता कॅलिफोर्नियनवर परत येतो, कारण तिथली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. तिसरा अधिकारी चार्ल्स ग्रोव्ह्ज याला वायरलेसची आवड होती, तो इव्हान्सकडून शिकत होता. मध्यरात्री पहारा संपल्यावर तो इव्हान्सच्या खोलीत गेला. इव्हान्स अर्धवट झोपेत. ग्रोव्ह्जने हेडफोन कानाला लावले. हे झालं सव्वाबाराच्या आसपास, म्हणजे फिलिप्स हाका मारत होता तेव्हाच. पण संदेश पकडणारा चुंबकी डिटेक्टर घड्याळासारखा किल्लीवर चालायचा आणि त्याची किल्ली संपलेली होती. ग्रोव्ह्जला ते कळलं नाही. काहीच ऐकू येईना म्हणून हेडफोन ठेवून तो झोपायला गेला. किल्लीचे चार फेरे दिले असते तर त्या अंतरावरून टायटॅनिकचा आवाज कानठळ्या बसवणारा आला असता. ज्याने आयुष्यात कधी रेडिओरूममध्ये काम केलंय त्याला हे वाचून चैन पडणार नाही.

त्यानंतर ब्रिजवरचा अधिकारी हर्बर्ट स्टोन आणि शिकाऊ जेम्स गिब्सन यांनी, संकटातलं जहाज सोडतं तसे, पांढरे रॉकेट फुटताना बघितले. कॅलिफोर्नियनचा कॅप्टन स्टॅन्ली लॉर्ड याला कळवलं. दिव्यांनी खुणा करून विचारून बघा, असं तो म्हणाला. त्या जहाजावर शेकडो मैल बोलू शकणारं यंत्र होतं, ते चालवणारा काही पावलांवर झोपला होता, आणि त्याला उठवायचं कुणालाच सुचलं नाही. त्याला पहाटे पाचनंतर उठवलं गेलं. मला लॉर्ड राक्षस वाटत नाही. त्या काळच्या अधिकाऱ्याच्या मनात वायरलेस म्हणजे तारघर. रात्री तारघर बंद.

कायद्याचा प्रवासही असाच अडखळत झाला. १९०९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या नँटकेट बेटापाशी धुक्यात रिपब्लिक जहाजाला फ्लोरिडा नावाचं जहाज धडकलं. जॅक बिन्स नावाच्या ऑपरेटरने मोडक्या खोलीत, बॅटरीवर, कित्येक तास संदेश देऊन बाल्टिक जहाजाला जवळ आणलं. टक्करीत गेलेले मोजके सोडले तर दीड हजारांच्या आसपास माणसं सुखरूप उतरली. त्यावरून धडा घेऊन अमेरिकेने १९१० मध्ये कायदा केला की आपल्या बंदरांतून लांब जाणाऱ्या, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या जहाजांवर वायरलेस हवाच. यंत्र हवं, एवढंच. त्यापुढे रात्रंदिवस कुणी बसावं ही अट नव्हती. टायटॅनिकनंतर, १९१२ मध्येच, दोन ऑपरेटर आणि अखंड पहारा आला. १९१४ च्या जानेवारीत लंडनला सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो महायुद्धामुळे रखडला, पण पुढच्या सगळ्या नियमांचा पाया तोच.

आमच्या काळी मालवाहू जहाजावर एकच रेडिओ ऑफिसर असायचा, दिवसाला आठ तासांचा पहारा. मग उरलेले सोळा तास? त्यासाठी ऑटो अलार्म होता. संकटातलं जहाज एसओएसच्या आधी बारा लांब डॅश, म्हणजे लांबवलेले सूर, पाठवायचं, प्रत्येक चार सेकंदांचा, मध्ये एक सेकंद जागा. आमचं यंत्र ते ओळखायचं आणि ब्रिजवर, रेडिओरूममध्ये आणि आमच्या केबिनमध्ये घंटा वाजायची. इव्हान्सच्या उशाशी ही घंटा हवी होती. रेडिओरूमच्या घड्याळावर दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांच्या पाकळ्या लाल रंगवलेल्या असत. ती तीन मिनिटं ५०० किलोहर्ट्झवर कुणी बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. मुंबईच्या बॉम्बे रेडिओ या किनाऱ्यावरच्या स्टेशनला कितीही महत्त्वाची तार द्यायची असो, हात कीवरून, म्हणजे संदेश ठोकायच्या कळीवरून, काढायचा. ५०० किलोहर्ट्झ म्हणजे ६०० मीटरची लहर, जिच्यावर फिलिप्स हाका मारत होता तीच. १ फेब्रुवारी १९९९ पासून ही सगळी व्यवस्था उपग्रह आणि डिजिटल कॉलिंगवर गेली, आणि रेडिओ ऑफिसर हे पदही गेलं.

आपल्याकडे मात्र या नियमांच्या कक्षेबाहेर राहिलेली एक बोट आठवल्याशिवाय राहत नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास काशाच्या खडकाजवळ उलटली. तिच्यावर वायरलेस नव्हताच. पोहून किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगेपर्यंत कित्येक तास मुंबईला पत्ता नव्हता. सहाशेहून जास्त माणसं गेली, आणि तीही बंदरापासून इतक्या जवळ.

आता दुसरा भाग: इव्हान्स जागा असता तर सगळे वाचले असते का? मला तसं वाटत नाही. पहिल्या हाकेपासून टायटॅनिक बुडेपर्यंत, म्हणजे २.२० पर्यंत, दोन तास होते. कॅलिफोर्नियन किती दूर होतं यावर आजही वाद आहे. लॉर्ड १९ मैलांच्या आसपास सांगायचा, बरेच जण त्याच्या निम्म्याहून कमी धरतात. मध्ये बर्फ, रात्र अंधारी. लॉर्डचं अंतर खरं मानलं तर ते बुडण्याआधी पोचणंच अवघड. कमी अंतर मानलं तर तासाभरात जवळ आलं असतं, पण हजार-पंधराशे माणसं अंधारात एका जहाजावरून दुसऱ्यावर न्यायची कशी? कार्पेथियाला उजाडल्यावर, शांत समुद्रात, फक्त जीवरक्षक नावांमधली (लाइफबोटींमधली) माणसं वर घ्यायला चार तास लागले. टायटॅनिकच्या नावांमध्ये जागाच ११७८ जणांची होती आणि जहाजावर २२०० हून जास्त माणसं.

पण जवळ दिवे दिसले असते तर अर्ध्या रिकाम्या सुटलेल्या नावा भरून गेल्या असत्या, रिकाम्या करून परत आणता आल्या असत्या. उणे दोन अंश पाण्यात माणूस साधारण अर्धा तास तग धरतो, तेवढ्यात काही जण उचलता आले असते. काहीशे जीव नक्की वाचले असते, असं माझं मत आहे. त्यात कदाचित फिलिप्सही असता. कॅप्टनने ‘आता तुम्ही मोकळे’ असं सांगितल्यावरही तो कीवर बसून राहिला होता. ब्राइड वाचला, आणि पाय सुजलेले असताना कार्पेथियावर कॉटमच्या मदतीला बसून वाचलेल्यांची नावं पाठवत राहिला.