मंडळीची नोंदणी आणि घटना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडगाव शेरीत भाड्याच्या हॉलमध्ये आमची स्वतंत्र ख्रिस्ती मंडळी (चर्च) सात वर्षे भरते. साठेक कुटुंबे आहेत. बँक खाते अजून पास्टरांच्याच नावावर आहे. नोंदणी ट्रस्टची करावी की सोसायटीची?

महाराष्ट्रात दोन्ही वाटा धर्मादाय आयुक्तांच्याच दारात जातात. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात सार्वजनिक न्यासाच्या, म्हणजे ट्रस्टच्या, व्याख्येतच चर्चचे नाव आहे. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी केलीत तर किमान सात जण लागतात, आणि तिची ट्रस्ट म्हणून नोंदणीही करावी लागतेच. तुमच्या आकाराच्या मंडळीला ट्रस्ट डीड (ट्रस्ट स्थापन करणारा दस्त) पुरे. दोन विश्वस्तांवर काम भागते, पण पाच किंवा सात ठेवा. दोघांचे बिनसले की सगळेच अडते.

डीड झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा. सोबत विश्वस्तांची संमतिपत्रे, शपथपत्र, ओळखपत्रे आणि कार्यालयाच्या पत्त्यासाठी जागामालकाचे ना-हरकत पत्र. भाड्याच्या हॉलचा मालक ते द्यायला बिचकतो, म्हणून आधी त्याच्याशी बोला. आणखी एक बारीक गोष्ट : आधारवर ‘सॅम्युएल’ आणि डीडमध्ये ‘शमुवेल’ असेल तर अर्ज त्रुटीत अडकतो. नाव आधारवर आहे तसेच घ्या, पवित्र शास्त्रातले रूप उपासनेपुरते राहू द्या.

नोंदणी मिळाली की ट्रस्टच्या नावाने पॅन काढा, मग खाते उघडा. त्यानंतर अर्पणाचा एक रुपयाही पास्टरांच्या खात्यात जाता कामा नये.

प्रश्न : मंडळीच्या घटनेचा, म्हणजे नियमावलीचा, मसुदा इंटरनेटवरून एका अमेरिकन चर्चचा घेऊन मराठीत केला आहे. चालेल का?

श्रद्धेची कलमे चालतील, कारभाराची नाही. तिकडच्या मसुद्यात धर्मादाय कार्यालय नसते, चेंज रिपोर्ट (ट्रस्टमधला बदल त्या कार्यालयाला कळवणारा अर्ज) नसतो, आणि इथली भांडणे नेमकी तिथेच होतात.

पहिले भांडण मतदाराचे. ‘मंडळीत नियमित येणारा तो सभासद’ असे लिहिलेत की निवडणुकीच्या रविवारी हॉल ओसंडून वाहतो. त्याऐवजी असे लिहा : ‘बाप्तिस्मा झालेला, वयाची 18 वर्षे पूर्ण केलेला, आणि सभेच्या तारखेआधी किमान एक वर्ष सभासद-रजिस्टरमध्ये नाव असलेला इसम मतदार सभासद राहील.’ रजिस्टर कोण ठेवणार, नाव कोणत्या कारणाने कमी होणार आणि कमी करण्याआधी त्या माणसाचे म्हणणे कोण ऐकणार, हेही त्याच कलमात यावे. दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग अर्पण) न दिल्याने मत जाते की नाही, हे स्पष्ट लिहा. आमच्या मते जाऊ नये. पैशाशी मत जोडले की खजिनदार हाच निवडणूक अधिकारी होऊन बसतो.

दुसरे, पाळक, म्हणजे पास्टर. ‘पाळक हे तहहयात अध्यक्ष राहतील’ हे वाक्य बहुतेक मसुद्यांत असते आणि मंडळ्या फुटतात त्याही त्याच वाक्यावर. विश्वस्तांची मुदत तीन किंवा पाच वर्षांची ठेवा. पाळक विश्वस्त असतील तर त्यांचे मानधन ठरवताना त्यांनी सभेबाहेर बसावे, हे घटनेतच घाला. ते निवृत्त झाले, बदलून गेले किंवा वारले, तर नवे कोण आणि किती दिवसांत नेमणार, हेही लिहा.

तिसरी सभा. नोटीस किमान 14 दिवस आधी, लेखी, विषयपत्रिकेसह. वेदीवरून केलेली घोषणा पुरावा म्हणून टिकत नाही, तेव्हा नोटीस फलकावर लावून तिचा तारखेसह फोटो ठेवा आणि सह्यांचे हजेरी रजिस्टर ठेवा. कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) एक-तृतीयांश ठेवलात तर 120 मतदारांत 40 माणसे लागतील. ‘कोरमअभावी अर्ध्या तासाने त्याच जागी सभा’ हे कलम वार्षिक हिशेबासाठी ठीक आहे. घटनादुरुस्ती, मालमत्ता आणि विलीनीकरण हे तीन विषय त्यातून वगळा.

विलीनीकरण तर ठरावापुरते समजूच नका. 1970 मध्ये अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीने तीत सामील होण्याचा ठराव केला होता. सोसायटी कायद्याप्रमाणे विसर्जन झालेच नाही, म्हणून केवळ त्या ठरावाने मालमत्ता गेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ठरवले. मधे त्रेचाळीस वर्षे गेली.

विश्वस्त, पत्ता किंवा मालमत्ता बदलली की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. तो राहून गेला तर निवडून आलेली नवी कमिटी कागदावर उमटत नाही. शेड्यूल एकच्या (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदवहीच्या) उताऱ्यावर जुनीच नावे राहतात, आणि बँक उतारा बघते, निकाल नाही.

प्रश्न : नोंदणी झाली की आमचे पास्टर लग्ने लावू शकतील का?

आपोआप नाही. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात बिशपांकडून दीक्षा मिळालेल्यांना तो अधिकार आहे. स्वतंत्र मंडळीच्या पास्टरांना राज्य सरकारचा परवाना लागतो, आणि तो व्यक्तीला मिळतो, मंडळीला नाही. पास्टर बदलले की नवा परवाना.

प्रश्न : दशांशाच्या पावतीवर 80 जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारे कलम) छापावे का?

नको. उपासनेसाठी चालणाऱ्या ट्रस्टला ती सवलत मिळत नाही. ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नावर करमाफी हवी असेल तर आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी करा. शाळा किंवा दवाखाना चालवायचा असेल तर त्यासाठी दुसरा, धर्मनिरपेक्ष उद्देशाचा ट्रस्ट काढणे सोयीचे पडते.

प्रश्न : लोहगावचा प्लॉट मंडळीच्या वर्गणीतून घेतला, पण खरेदीखत पास्टरांच्या नावे आहे.

पास्टर हयात आहेत आणि राजी आहेत तोवर नोंदणीकृत दस्ताने तो ट्रस्टच्या नावे करून घ्या. उद्या वारस उभे राहिले तर वर्गणीच्या पावत्या दाखवत कोर्टात बसावे लागेल. नाव लागले की मालमत्ता चेंज रिपोर्टने शेड्यूलवर आणा. त्यानंतर मात्र विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस यापैकी काहीही करायला, आणि इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायला, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इसार घेऊन मग परवानगी मागायला जाऊ नका.