सीमेपलीकडून येणारा धूर किती टक्के, हे मॉडेलवरून खरंच सांगता येतं का?

तुम्ही विचारलंय की दर हिवाळ्यात लाहोर भारताकडे बोट दाखवतं आणि दिल्ली पाकिस्तानकडे, तर मॉडेल, म्हणजे संगणकावर केलेली हवेची नक्कल, चालवून कुणाचा वाटा किती हे खरंच काढता येतं का? आणि देशांनी असा आकडा मान्य केल्याचं एखादं उदाहरण आहे का?

काढता येतं, आणि उदाहरणही आहे. फक्त पद्धत आधी ठरावी लागते आणि उत्तर मागाहून यावं लागतं.

स्कॅन्डिनेव्हियातली तळी आम्लधर्मी होऊन मासे मरू लागले, तेव्हा गंधक ब्रिटन आणि मध्य युरोपातून येत असल्याचा संशय होता. १९७७ मध्ये ‘एमेप’ हा सामायिक मोजणी आणि मॉडेलचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९७९ मध्ये सीमेपलीकडे जाणाऱ्या प्रदूषणावर जिनिव्हात करार झाला. शीतयुद्ध चालू असूनही दोन्ही गटांनी सह्या केल्या. मॉडेलचं एक केंद्र ऑस्लोत ठेवलं, दुसरं मॉस्कोत. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते, कारण समोरच्याच्या संगणकावर विसंबून राहायची वेळ कुणावरच आली नाही.

प्रत्येक देश दरवर्षी १५ फेब्रुवारीपर्यंत आपलं उत्सर्जन कळवतो. हिशेब साधा आहे: किती इंधन जाळलं, टनामागे किती प्रदूषक निघतं, आणि त्यातलं किती धुराड्यात अडवलं. हे आकडे ०.१ अंशाच्या चौकटींत वाटतात, म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण ११ किलोमीटर. त्यावर त्या वर्षाचे वारे, पाऊस आणि तापमान घालून मॉडेल वर्षभरासाठी चालवतात. मग एका देशाचं एकच प्रदूषक १५ टक्क्यांनी कमी करून तेच वर्ष पुन्हा चालवायचं. दोन निकालांतला फरक म्हणजे त्या देशाचा त्या प्रदूषकापुरता परिणाम. सल्फर, नायट्रोजन ऑक्साइड, अमोनिया, बाष्पनशील सेंद्रिय पदार्थ आणि थेट बाहेर पडणारे कण असे पाच गट असतात. चाळीस-पन्नास देश धरले तर दोनशेहून जास्त फेऱ्या होतात. त्यातून ‘कोणाकडून कोणाकडे’ असा तक्ता तयार होतो.

पंधराच टक्के का? एक टक्का कमी केला तर फरक आकडेमोडीतल्या बारीकसारीक चुकांत हरवतो. शंभर टक्के काढून टाकलं तर हवेतलं रसायनच बदलतं. सल्फर कमी झालं की मोकळा झालेला अमोनिया नायट्रिक आम्लाला धरतो आणि नायट्रेटचे कण वाढतात. दाट वाहतुकीच्या शहरात नायट्रोजन ऑक्साइड घटवले तर तिथला ओझोन आधी वाढतो. म्हणून सगळ्या देशांचे वाटे बेरजेला घेतले तर ते नेमके शंभर होत नाहीत. हे मॉडेलचं अपयश नाही, हवेचा स्वभावच तसा आहे. ‘अमुक देशाचा वाटा इतके टक्के’ असं वाचलं की देश पूर्ण बंद करून आकडा काढलाय, थोडा कमी करून काढलाय, की प्रदूषकावर खूण लावून माग काढलाय, हे आधी पाहा. तिन्ही पद्धतींची उत्तरं वेगळी येतात.

चुका बहुतेकदा मॉडेलच्या समीकरणांआधीच होतात. एकाने सल्फर मोजलं आणि दुसऱ्याने सल्फर डायऑक्साइड, तर आकडा थेट दुप्पट होतो. नायट्रोजन ऑक्साइड एनओ धरून दिले की एनओ-टू धरून, यात दीडपट फरक पडतो. वीज केंद्राचा धूर उंच धुराड्याऐवजी जमिनीवर सोडला तर शेजारचं गाव काळवंडतं आणि शेजारचा देश निर्दोष ठरतो. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यातला अर्धा तासही त्रास देतो. ताशी पायरीच्या मॉडेलमध्ये सकाळच्या चुलींचा धूर पुढे किंवा मागे सरकतो, आणि नेमक्या त्याच वेळी हवेचा खालचा थर वर उचलत असतो.

सर्वात अवघड भांडण लाकडाच्या धुराचं. जळत्या लाकडातून निघणारी तेलकट वाफ थंड झाली की तिचे कण बनतात. गरम धुराड्यात मोजणी केली तर ही वाफ गाळणीतून निसटते. धूर थंड हवेत मिसळून मोजला तर ती कणांत धरली जाते. त्यामुळे एकाच शेकोटीचे आकडे कितीतरी पटींनी वेगळे येतात. युरोपात काही देश वाफ धरून आकडे देत होते, काही न धरता. जो देश प्रामाणिकपणे पूर्ण मोजणी करतो तोच तक्त्यात जास्त घाणेरडा दिसतो. एवढ्या जुन्या, शिस्तीच्या व्यवस्थेतही हा घोळ वर्षानुवर्षं राहिला.

मोजणीतही एकवाक्यता लागते. नॉर्वेतलं मोजणी केंद्र दरवर्षी सारखेच नमुने सर्व देशांच्या प्रयोगशाळांना पाठवतं आणि कुणाचं उत्तर किती चुकलं ते जाहीर होतं. आकडे न देणाऱ्या देशासाठीही सोय आहे: तज्ज्ञ स्वतः अंदाज भरतात. आपले आकडे आपण दिले नाहीत तर दुसरा कोणी लिहील, ही जाणीव कुठल्याही दंडापेक्षा जास्त काम करते. १९८५ च्या हेलसिंकी करारात सही करणाऱ्या देशांनी सरसकट ३० टक्के सल्फर कपात ठरवली होती. १९९४ मध्ये ऑस्लोत मात्र कुठली जमीन किती आम्ल सोसू शकते हे पाहून प्रत्येक देशाची कपात वेगळी ठरली. मधल्या काळात हा तक्ता विश्वासाचा झाला नसता तर ते जमलं नसतं.

पूर्व आशियात चीन, जपान आणि दक्षिण कोरियाने वेगळा मार्ग घेतला. तिघांनी आपापली मॉडेलं चालवून निकाल एकत्र केले. नोव्हेंबर २०१९ च्या अहवालात कोरियाच्या तीन शहरांतल्या सूक्ष्म कणांत चीनचा वाटा ३२ टक्के आणि कोरियाचा स्वतःचा ५१ टक्के दिला आहे. पण ही २०१७ ची वार्षिक सरासरी आहे. सोलच्या नागरिकाला मार्चमधल्या सगळ्यात धुरकट दिवसांचं उत्तर हवं असतं, आणि ते या आकड्यात नाही.

आपल्याकडे सीमेपलीकडच्या हवा प्रदूषणावरचा १९९८ चा माले जाहीरनामा आहे. भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश यांच्यासह आठ देश त्यात आहेत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने अमेरिकी संस्थेच्या साथीने २०१८ मध्ये दिल्लीसाठी प्रदूषणाची पूर्वसूचना यंत्रणा उभी केली, आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांचा वाटा सांगणारी प्रणालीही तिथलीच. कमी पडते ती दोन्ही पंजाबांची एकाच पद्धतीने बनवलेली उत्सर्जन-यादी. परालीचंच, म्हणजे शेतात जाळल्या जाणाऱ्या भाताच्या पेंढ्याचंच घ्या. ध्रुवीय कक्षेतले नेहमीचे उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. त्यानंतर लावलेल्या बहुतेक आगी मोजणीत येत नाहीत, आणि कमी आगी दिसल्या म्हणजे कमी पेंढा जळला असं धरलं जातं.

तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर ‘हायस्प्लिट’ हे हवा कुठून आली याचा माग काढणारं मॉडेल ब्राउझरमध्ये मोफत चालतं. शहर निवडा, उंची ५०० मीटर ठेवा, ७२ तास मागे जा, आणि एक रेषा न काढता अनेक रेषांचा संच काढा. ही रेषा हवा कुठून आली एवढंच सांगते, तिने किती धूर आणला हे सांगत नाही. तिच्यात प्रवासाच्या अंतराच्या साधारण २० टक्के चूक धरावी. हिवाळ्यात वारा सेकंदाला दोन मीटर असला तर ७२ तासांत हवा सुमारे ५०० किलोमीटर चालते, म्हणजे चूक १०० किलोमीटरची. लाहोर ते अमृतसर अंतर जेमतेम ५० किलोमीटर आहे.