घटक नंतर लिहा, आधी तासांची बेरीज करा

तुम्ही लिहिलंय की स्वायत्त महाविद्यालयात भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला ‘पुण्याचे पाणी’ हा दोन क्रेडिटचा नवा पेपर पंधरा दिवसांत बसवायला सांगितलाय. साडेसात-साडेसात तासांचे चार घटक पाडलेत, मिळून 46 उपघटक झालेत, आणि अभ्यास मंडळाकडून ‘अध्ययन निष्पत्ती नीट मांडा’ एवढ्याच शेऱ्यावर मसुदा परत आलाय (निष्पत्ती म्हणजे पेपर शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल, ते). आता अभ्यासक्रम विकसन म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न. मसुदा पाहून आमचा जुना घोळ आठवला, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

टायलर, ब्लूम वगैरे शिक्षणतज्ज्ञांचं कुठेही वाचायला मिळेल, ते उगाळत नाही. फरक एकच सांगतो. तुमच्याकडे आहे तो पाठ्यक्रम, म्हणजे काय शिकवायचं याची यादी. अभ्यासक्रमात ते कोणाला, कशासाठी, किती वेळात, काय करायला लावून शिकवायचं आणि आलं की नाही हे कशावरून ठरवायचं, हे सगळं येतं. आपण दोन्हीला ‘सिलॅबस’च म्हणतो, त्यामुळे यादी झाली की काम झालं असं वाटतं. अभ्यासक्रमतज्ज्ञ हिल्डा ताबांनी 1962 मध्ये मांडलेल्या सात पायऱ्यांत आधी गरजांचं निदान, मग उद्दिष्टं, आणि आशयाची निवड तिसरी. तुम्ही थेट तिसरीवर उडी मारलीत. बहुतेक सगळे तेच करतात, कारण इतर विद्यापीठांच्या पीडीएफमधून यादी उचलता येते, गरज उचलता येत नाही.

पण सगळ्यात महागात पडणारी चूक निष्पत्तीची नाही, तासांची आहे. थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रात 15 तास, म्हणजे तुमच्याकडे 30. ते घड्याळी तास. तुमच्याकडे तासिका 50 मिनिटांची असेल तर 36 तासिका लागतात. वेळापत्रकात आठवड्याला दोनच दिल्या असतील तर 15 आठवड्यांत 25 घड्याळी तासच होतात. हे आधी तपासा. मग 30 मधून पहिल्या दिवसाची ओळख एक तास, अंतर्गत चाचणी आणि तिच्यावरची चर्चा दोन तास, राखीव तीन तास वजा करा. राखीव तासांना हसू नका. विषम सत्र असेल तर पालखीचा दिवस, गणपती, शिवाय पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांच्या तालमींना गेलेली अर्धी मुलं, हे सगळं त्यातूनच भागवायचंय. उरले 24. त्यात 46 उपघटक म्हणजे प्रत्येकाला साधारण 31 मिनिटं. एवढ्यात व्याख्या लिहून घेता येते, गणित करून घेता येत नाही. मग शिकवणारा पहिले दोन घटक निवांत घेतो, तिसरा पळवतो आणि चौथ्याच्या नोट्स ग्रुपवर टाकतो. माझ्या मते 24 तासांत 16 ते 18 उपघटकांच्या वर जाऊ नये. विज्ञानातले लोक वाद घालतील, घालू देत.

खडकवासल्याची क्षेत्रभेट तुम्ही चौथ्या घटकात ‘4 तास’ म्हणून टाकलीय. ते तास थिअरीच्या दराने मोजायचे की प्रात्यक्षिकाच्या (तिथे एका क्रेडिटला 30 तास), हे लेखी विचारून घ्या. जाण्यायेण्याचा वेळ कशात धरायचा तेही. तोंडी ‘चालेल हो’ वर विसंबू नका.

हे पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. आमची फाइल एका कार्यालयात तीन वेळा अडली, एकदा पानाचा समास चुकला म्हणून, एकदा तक्त्याचा रकाना कमी म्हणून, एकदा ‘मागच्यांचा नमुना पाहा’ म्हणून. तीन फेऱ्यांत तासांची बेरीज एकानेही करून पाहिली नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही नाही. मंजूर झालेला पेपर पुढच्या फेररचनेपर्यंत हलत नाही, तोवर मुलं तो भोगतात. असो.

आता निष्पत्ती. दोन क्रेडिटला तीन किंवा चार पुरे, पाचाच्या पुढे नुसती आरास. ‘महत्त्व समजेल’, ‘जाणीव होईल’ ही क्रियापदं खोडा, कारण त्यावर प्रश्न काढता येत नाही. तुमचीच दुसरी निष्पत्ती, ‘पाणीवापराची माहिती होईल’, अशी करा: ‘विद्यार्थी आपल्या सोसायटीचा किंवा वस्तीचा आठवड्याचा पाणीवापर मोजून माणशी रोजचे लिटर काढील आणि केंद्राच्या मार्गदर्शिकेतला 135 लिटरचा की महानगरांचा 150 लिटरचा निकष लावायचा, हे कारणासह सांगेल.’ आता आपोआप ठरतं की मीटर वाचणं, सरासरी आणि गळतीचा अंदाज हे आशयात हवंच, आणि जलचक्राची आकृती शाळेत झालीय, ती गेली तरी चालते. उपघटक असे गळतात. त्याआधी तिसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याला आणि तीन-चार माजी विद्यार्थ्यांना विचारा की मुलांना काय येत नाही. गरजांचं निदान म्हणतात ते एवढंच, त्याला सर्वेक्षणाचा फार्स लागत नाही. निष्पत्ती-नकाशाच्या तक्त्यात (पेपरच्या निष्पत्तींचा पदवीच्या निष्पत्तींशी संबंध 1 ते 3 आकड्यांत दाखवणाऱ्या) सगळीकडे 3, म्हणजे सर्वांत दाट संबंध, भरले असतील तर जाणकार सदस्य पहिलं बोट तिथेच ठेवतो.

घटकांच्याही आधी प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता, म्हणजे कुठल्या घटकावर किती गुणांचे प्रश्न याचा आराखडा, करा. उलटं वाटेल, पण करून पाहा. तुमच्याकडे 50 पैकी 15 अंतर्गत आणि 35 सत्रान्त असतील असं धरतोय; वेगळं असेल तर आकडे बदला. उरलेल्या 24 तासांचे सहा-सहा तासांचे चार घटक, तर प्रत्येकाला 35 पैकी सुमारे नऊ गुण. पर्याय घटकाच्या आत द्या. ‘पाचपैकी कोणतेही तीन सोडवा’ म्हटलंत की मुलं एक आख्खा घटक ऑप्शनला टाकतात, आणि त्या घटकाची निष्पत्ती कागदावरच राहते. मोजणीचं काम 35 च्या लेखी पेपरात बसणार नाही, ते अंतर्गत 15 मध्ये घ्या आणि गुणांची फोड मसुद्यातच लिहा: नोंदी 5, आकडेमोड 5, निष्कर्ष 5.

मंजुरीआधी सगळ्यात धोक्याचा उपघटक चालू वर्गावर तीन तास शिकवून बघा आणि वेळ कुठे जातो ते टिपा. ताबांचा आग्रहही तोच होता, शिक्षकांनी आधी घटक करून, वापरून पाहावेत आणि आराखडा त्यातून वर यावा. पंधरा दिवसांत हे बसत नाही म्हणाल, तर मुदत वाढवून मागा.

बैठकीत ‘किरकोळ दुरुस्त्यांसह मंजूर’ असं इतिवृत्तात लिहू देऊ नका. दुरुस्त्या तिथेच क्रमांक घालून लिहून घ्या, नाहीतर विद्या परिषदेपुढे कुठली प्रत गेली हे महिन्याभराने कोणालाच सांगता येत नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फॉन्टमधला संकेतस्थळावर चढवला की अक्षरं विस्कटून वाचता येत नाही. संदर्भग्रंथ ग्रंथालयात किती प्रती आहेत ते पाहून द्या. साठ मुलांना एक प्रत असेल तर ती मुलं अप्पा बळवंत चौकातून गाइड आणणार, त्यांना दोष देऊ नका.

मी नियमांचा तज्ज्ञ नाही, तुमच्या महाविद्यालयाचं चालू परिपत्रक माझ्यापेक्षा वरचढ धरा. यादी इथे टाकलीत तर 46 मधले कुठले काढता येतील ते बघू. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला ही साखळी आणि 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर तेवढा काढू नका. त्यावरून धरणफुटीची कारणं आणि पूररेषा, दोन्ही एकाच तासात घेता येतात.