वडिलांचा चाकू जंगलात न्यावा की कपाटात जपून ठेवावा?

तुमचा प्रश्न असा: वडील गेल्यावर त्यांचा ओपिनेल चाकू तुमच्याकडे आला, तो भटकंतीला न्यायचा धीर होत नाही, आणि बाकीच्या लोकांच्या अशा जिवापाड जपलेल्या वस्तू कोणत्या, ते त्या वापरतात की नुसत्या ठेवतात.

न्या. खुशाल वापरा. फक्त काही वस्तूंच्या बाबतीत मी नेमकं उलट सांगेन, त्या पुढे येतीलच.

आधी तुमच्या चाकूविषयी. ओपिनेल हा फ्रान्समधल्या साव्वा (Savoie) प्रांतातला शेतकऱ्यांचा चाकू, १८९० पासून बनतोय. लाकडी मूठ, एक पातं, एक खिळा. पातं उघडल्यावर फिरवून अडकवायची ती धातूची कडी १९५५ मध्ये आली. मूठ बहुधा बीचच्या लाकडाची असते आणि हे लाकूड ओलाव्याने फुगतं. पावसाळी हवेत पातं मुठीत असं रुतून बसतं की नखाने उघडता उघडत नाही. मुरलेली माणसं अशा वेळी बंद चाकूची कडी मोकळी करतात आणि मुठीच्या मागच्या टोकाचा कोपरा ओंडक्यावर किंवा दगडावर टकटक आपटतात. पात्याचं टोक जरासं बाहेर येतं, मग चिमटीत धरून उघडायचं. आता तुमच्या चाकूचा तो कोपरा उजेडात नीट बघा. चेपलेला, गुळगुळीत झालेला दिसला तर वडील चाकू कसा उघडायचे ते तुम्हाला कळलंच. पातं नव्या चाकूपेक्षा अरुंद दिसत असेल तर तेवढं पोलाद त्यांनी धार लावून लावून झिजवलंय. ज्याने चाकू कपाटात ठेवला त्याच्या चाकूवर यातलं काहीही सापडणार नाही.

पात्यावर ‘कार्बोन’ की ‘इनॉक्स’, काय कोरलंय तेही बघून ठेवा. इनॉक्स म्हणजे न गंजणारं पोलाद, त्याची फार काळजी नको. कार्बनचं असेल तर त्यावर निळसर-करडे डाग असतील. फळं कापल्यावर आंबट रसामुळे ते पडतात. घाण समजून ते पॉलिश पेपरने घासून काढू नका. तो थर लाल गंजाला थोडाफार अडवतो, आणि तुमच्या बाबतीत तर तो वडिलांच्या हातचा आहे. लाल गंज मात्र दिसला की लगेच तेलाचा बोळा फिरवून काढायचा.

माझ्याकडची जीव जडलेली वस्तू म्हणजे एक छोटी कुऱ्हाड. स्वीडनच्या ग्रेन्सफॉर्स ब्रुकची. त्यांच्याकडे ज्या लोहाराने कुऱ्हाड घडवली त्याची आद्याक्षरं लोखंडावर ठोकलेली असतात. या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही, पण धार लावायला बसलो की ती दोन अक्षरं अंगठ्याखाली येतातच. तरीही माझा जीव लोखंडापेक्षा दांड्यात जास्त अडकलाय. मूळ दांडा गेला आणि नवा माझ्या एका मित्राने तासून दिला. गुडघ्यांमुळे आता त्याचं जंगलात येणं बंद झालंय. त्याचा पंजा मोठा, त्यामुळे दांडाही त्याच्या मुठीच्या मापाचा, जाड. माझ्या हाताला तो भरपूर होतो. दहा मिनिटं रंधा मारला तर बेताचा होईल, पण मी मारत नाही. लाकडाची रेघ मात्र त्याने अगदी नेमकी साधली आहे: दांड्याच्या बुडाकडून पाहिलं तर रेषा पात्याच्या धारेच्या दिशेनेच धावतात. आडव्या रेषेचा दांडा दणक्याने मोडतो. वरच्या टोकाला ठोकलेली पाचर अजून एकदाही हललेली नाही. हे मी त्याला कळवलं की तो विषय बदलतो.

दांड्याला मी जवसाचं तेल चोळतो. पातळ हात, पुसून घ्यायचं, वाळू द्यायचं, पुन्हा. इथे एक धोक्याची गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुष्कळांना ती ठाऊक नसते. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेटू शकतात, काडी लावायचीही गरज नाही. एकेक चिंधी पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

दुसरी वस्तू ट्रँजिया कंपनीचा पितळी स्पिरिट बर्नर, म्हणजे स्पिरिटवर चालणारी चूल, मूठभर आकाराची. त्यात ना पंप, ना झडप, ना बिघडण्यासारखं काही. आवाज नाही, त्यामुळे पाणी उकळेपर्यंत आसपासचं सगळं ऐकू येतं. मला तो आवडतो याचं हे मुख्य कारण. एक काळजी घ्या: दिवसाउजेडी स्पिरिटची ज्योत जवळपास दिसत नाही. विझलाय असं वाटलं तरी पूर्ण थंड झाल्याशिवाय वरून स्पिरिट ओतू नका. रबरी कडं असलेलं झाकणही गरम बर्नरवर नको, कडं वितळतं आणि मग सॅकमध्ये गळती.

मोरा नावाचा स्वीडिश चाकूही कायम बरोबर असतो. प्लास्टिकची मूठ, न मिटणारं जाड पातं, चांगला धारदार. त्याच्यावर माझा अजिबात जीव नाही, म्हणूनच सगळी हमाली त्याच्याकडे. लाकूड फोडायला पात्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकणं, पेटवणासाठी साल खरवडणं, डब्याचं झाकण उचकटणं. तुम्हीही असाच एक हमाल चाकू ठेवा. मिटणाऱ्या चाकूच्या खिळ्याला ठोकाठोक सोसत नाही, आणि ओपिनेलची कडी पातं बोटांवर मिटू नये यासाठी आहे, घणाचे घाव झेलायला नाही. वडिलांच्या चाकूने दोरी कापा, फळ कापा, काटकीला टोक काढा. त्यांनीही बहुतेक तेवढंच केलं असेल.

आता ते उलट सांगायचं राहिलेलं. मामाने दिलेलं होकायंत्र माझ्याकडे आहे. मी ते बरोबर नेतो, पण दिशा दुसऱ्या यंत्रावर बघतो. जुन्या होकायंत्रातल्या द्रवात बुडबुडा होतो. थंडीत किंवा उंचावर झालेला बारीकसा बुडबुडा सहसा पुढे जिरून जातो, पण वाढत जाणारा मोठा बुडबुडा म्हणजे कुठेतरी गळती आहे. शिवाय फोनमधल्या चुंबकाला चिकटून राहिलं तर सुईची उत्तर-दक्षिण उलटू शकते. धुक्यात वाट शोधताना मामाची आठवण उपयोगाची नाही, खात्रीची सुई हवी. निघण्याआधी दोन यंत्रं शेजारी धरून बघायची (मध्ये हातभर अंतर ठेवून, नाहीतर ती एकमेकींच्याच सुया ओढतात).

वडिलांच्या सामानात चढाईची दोरी, पट्टे किंवा हेल्मेट निघालं तर ते मात्र मुळीच वापरू नका. नायलॉन आणि प्लास्टिक नुसतं पडून राहूनही कमजोर होतं, वरून धडधाकट दिसतं आणि आतून गेलेलं असतं. कितीही कमी वापर झाला असला तरी बहुतेक उत्पादक साधारण १० वर्षांची कमाल मर्यादा घालतात. दोरीचे हात-हातभर तुकडे करा आणि गाठींच्या सरावाला ठेवा, म्हणजे चुकून दुसरं कुणी तिच्यावर लटकायला नको. जुन्या स्टोव्हचे वॉशर आणि रबरी नळ्याही न चुकता बदला.

हरवण्याची भीती राहिलीच. ती मलाही आहे. मी माझ्या गोष्टींना भडक केशरी दोरी बांधतो; पाचोळ्यात पडलेली लाकडी मूठ डोळ्यांसमोर असून दिसत नाही. काम झालं की चाकू जमिनीवर नाही, ओंडक्यावर नाही, थेट खिशात, आणि खिसाही ठरलेला एकच. विमानाने जाणार असाल तर तो चेक-इनच्या सामानात टाका. तपासणीच्या रांगेत तो जप्त झाला तर परत मिळण्याची आशा फारशी नसते.

घरी आलात की पातं पुसून, उघडं ठेवून, मूठ पूर्ण वाळू द्या. पात्यावर आणि खिळ्याच्या सांध्यात खाण्याच्या तेलाचा एक थेंब पुरतो. चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि कार्बनच्या पात्याला आतल्या आत गंज चढतो. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून खणात ठेवा. कार्बन की इनॉक्स ते बघून खाली कळवलंत, तर धार लावण्याचं त्याप्रमाणे सांगतो.