खिडकीवर कोंबडा, खाली कुत्रा

प्रश्न : इंग्लंडमधल्या चार्ल्सटन या घरात व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट या चित्रकार जोडीने ग्रंथालय स्वतः रंगवलं होतं, असं वाचलं. पुण्याच्या आमच्या जुन्या घरात पुस्तकांची खोली तशीच रंगवायची आहे. डब्यातलं डिस्टेंपर चालेल का?

उत्तर : दिसायला चालेल, पण तो पोत येणार नाही. डब्यातल्या वॉशेबल डिस्टेंपरचा थर एकसारखा बसतो. खडू आणि सरस (जनावरांच्या हाडाकातड्याचा डिंक) यांच्या जुन्या डिस्टेंपरचा पृष्ठभाग मऊ, पावडरीसारखा असतो, बोट फिरवलं की हलका रंग बोटाला लागतो.

ते घरी करता येतं. एक किलो खडूची भुकटी अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजू द्या. साधारण 50 ग्रॅम सरस वेगळ्या अर्ध्या लिटर पाण्यात भिजवा आणि सकाळी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा. उकळू देऊ नका, चिकटपणा जातो. कोरडा रंग आधी पाण्यात घोटून मगच खडू-सरसाच्या मिश्रणात मिसळा. पुठ्ठ्यावर वाळवून बघा: भुकटी सुटली तर सरस कमी, पोपडे उडाले तर जास्त. वाळल्यावर रंग बराच फिका पडतो. मिश्रण गार झालं की थिजतं, तेव्हा कोमट ठेवूनच लावा. दुसरा रंग लावताना ब्रश पुन्हापुन्हा फिरवलात तर खालचा थर विरघळून वर येतो. एकदाच, बेधडक ओढा.

आता खरी अडचण. सरस म्हणजे बुरशीचं आणि कसरीचं खाद्य, आणि हीच कसर बांधणीतली खळही खाते. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटांमागच्या भिंतीला हे डिस्टेंपर लावू नका. तिथे चुना बरा. बाहेरच्या भिंतीपासून कपाट तीन बोटं तरी पुढे ठेवा. ऑइल पेंटवर किंवा इमल्शनवर हे डिस्टेंपर धरत नाही, आधी खरवडावं लागेल.

सगळ्या भिंती रंगवण्याचा हट्टही नको. चार्ल्सटनची ती खोली आधी व्हनेसाची झोपायची होती. 1916-17 मध्ये ग्रँटने खिडकीच्या वर तिला उठवायला कोंबडा काढला आणि खाली रात्री राखणीला कुत्रा. खोलीची आठवण राहते ती या खिडकीमुळे. तुम्हीही खिडकीभोवतीच, आतल्या कोरड्या भिंतीवर सुरुवात करा, तीही दिवाळीनंतर.