राज्य सरकारच्या योजनांवरील पैसा कार्यक्षमतेने खर्च होतो का, हे कसे तपासावे?

खर्चाची टक्केवारी पाहून हा निष्कर्ष काढता येत नाही, असे माझे ठाम मत आहे, कारण मंजूर निधीपैकी जवळजवळ सारा खर्च झाला एवढ्यावरून केवळ तिजोरीतून पैसा बाहेर पडल्याचे कळते. महाराष्ट्रातील जलयुक्त शिवार अभियानाचे उदाहरण बोलके आहे. या अभियानावर सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च झाले आणि लाखो कामे पूर्ण झाल्याची नोंद झाली; तरीही भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२० मध्ये विधिमंडळात सादर झालेल्या अहवालाने, गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करणे आणि भूजल पातळी वाढवणे या मूळ उद्दिष्टांवर त्याचा अल्प परिणाम झाल्याचे नमूद केले. (पाऊसमानातील फरक वगळून परिणाम मोजणे अवघड असते, हेही ध्यानात ठेवावे.)

म्हणून प्रथम मूळ तरतूद, पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्यात मागितलेला जादा निधी) आणि प्रत्यक्ष खर्च यांची तुलना करावी. राज्याच्या विनियोजन लेख्यांत, म्हणजे मंजूर व खर्च झालेल्या रकमांच्या वार्षिक हिशेबात, हे आकडे मिळतात. त्यानंतर निधी कोणत्या महिन्यात वितरित झाला ते पाहावे, कारण मार्चअखेरीस घाईने काढलेली रक्कम बहुधा आखणीतील दोष दाखवते. उपयोगिता प्रमाणपत्रे, म्हणजे निधी ठरलेल्या कामासाठीच वापरल्याचे दाखले, किती प्रलंबित आहेत, हाही महत्त्वाचा निकष आहे. अखेरीस प्रत्येक रुपयामागे नागरिकाला काय मिळाले, म्हणजे किती हेक्टर भिजले, किती टँकर कमी झाले, हे योजना सुरू होण्यापूर्वीच्या स्थितीशी ताडून पाहावे. ती आधारभूत नोंदच नसेल, तर कार्यक्षमतेचा कोणताही दावा मान्य करू नये.